तुम्ही विचारलंत म्हणून : कबड्डीवर सरकारी नोकरी लागते का?

शिमगा आटपून मंडळांच्या स्पर्धांचे मंडप सुटले की पालकांचा प्रश्न ठरलेला : "पोरगा कॉलेजकडून कबड्डी खेळतो, त्यावर नोकरी लागेल का?" लागू शकते, पण त्याच्या पकडीइतकीच त्याची फाइलही पक्की हवी.

राज्याच्या सरकारी भरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. नियम 1 जुलै 2016 च्या शासन निर्णयात सापडतील. हे आरक्षण समांतर आहे, म्हणजे मुलाची गाठ त्याच्याच प्रवर्गातल्या खेळाडूंशी पडते. वयात 5 वर्षांची सवलत मिळते, पण लेखी परीक्षा सुटत नाही. ललिता बाबरांचं उदाहरण लोक देतात. त्या 2016 साली रिओत 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या आणि पुढे उपजिल्हाधिकारी झाल्या. ती थेट नियुक्ती होती, वाट निराळी.

प्रकाशझोतातल्या गावच्या स्पर्धेचा चषक, 'उत्कृष्ट चढाईपटू'चं बक्षीस, यांची इथे किंमत शून्य. (गुडघे मात्र तिथेच जातात.) ढोबळ हिशेब असा : सरकारी पदांच्या गट ड साठी राज्य पातळीची स्पर्धा, गट क साठी राष्ट्रीय, अ आणि ब साठी आंतरराष्ट्रीय. क आणि ड ला पहिल्या तिनांत यावं लागतं. म्हणून कोकण झोनची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकून भागत नाही. तिथून मुंबई विद्यापीठाच्या संघात शिरायचं, मग पश्चिम विभाग, मग अखिल भारतीय.

अडतं कुठे? प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव नसतं, किंवा आडनाव दहावीच्या दाखल्याशी जुळत नाही. स्पर्धा कुणा मान्यता नसलेल्या समांतर संघटनेची निघते. आणि प्रमाणपत्राची पडताळणी! तिचा प्रस्ताव विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे भरतीच्या अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी गेलेला हवा, पोचपावती जपून ठेवलेली हवी. जाहिरात आल्यावर धावपळ करणारे इथेच बाद होतात. मूळ कागद आगोटीआधी प्लास्टिकच्या फाइलीत घाला, आपल्याकडे बुरशी लागायला वेळ लागत नाही.

पोलीस भरतीत कबड्डीवाल्याला मैदानसुद्धा रडवतं. मुलांना 1600 मीटरला 20 गुण, 100 मीटरला 15, गोळ्याला 15. पन्नासात निम्मे मिळाले तरच लेखीचा विचार. चढाई 30 सेकंदांची, त्यामुळे दम तेवढाच तयार झालेला असतो. 1600 चे पूर्ण गुण 5 मिनिटं 10 सेकंदांना, म्हणजे 400 मीटरची फेरी साधारण 77 सेकंदांत. आपला गडी पहिली 68 त मारतो आणि तिसरीत फुटतो. 77 च्या सहा फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, आठवड्यातून दोनदा, एवढं तीन महिने करा. पुळणीवर धावायचं तर ओहोटीला, ओल्या घट्ट पट्ट्यावर. मऊ वाळूत पोटऱ्या भरतात आणि वेळेचा अंदाज चुकतो. किनारा उतरता असतो, म्हणून जाताना जितकं तितकंच येतानाही धावा, नाहीतर एकाच घोट्यावर ताण येतो. पावसात सराव बंद ठेवू नका, 2024 ची मैदानी चाचणी ऐन जूनमध्ये सुरू झाली होती.

गोळा 7.260 किलोचा, पूर्ण गुण 8.50 मीटरला. तो चेंडूसारखा फेकला की खांदा दुखावतो. मानेपाशी टेकवून, पायातून जोर घेऊन ढकलायचा. पकडीत पाय रोवून धक्का देणाऱ्या मुलांना हे आठवड्याभरात जमतं.