परदेशातल्या मुलामुलींच्या नावाने नागपुरात ‘हिस्सा’ घेण्याआधी

दहा लाखांत ऑफिसच्या इमारतीत हिस्सा, पाच लाखांत उमरेड रोडच्या फार्महाऊसमध्ये हिस्सा, दरमहा भाडं थेट खात्यात. असे मेसेज आता घरोघरी येतात आणि तिथून डॅलसला, टोरंटोला, मेलबर्नला फॉरवर्ड होतात. पैसा मुलांचा, धावपळ आईवडिलांची. इमारत कशी आहे, भाडेकरू कोण, हे सगळं नंतरचं. आधी दोन गोष्टी पक्क्या करायच्या: ज्याच्या नावाने घ्यायचं तो फेमाच्या, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या, दृष्टीने कोण आहे, आणि त्याच्या हातात नेमका कोणता कागद पडणार आहे. माझ्या मते बहुतेक घोटाळे या दोन प्रश्नांपाशीच सुरू होतात.

पहिला प्रश्न सोपा वाटतो, पण नाही. भारतीय पासपोर्ट असलेला, नोकरीसाठी बाहेर गेलेला माणूस अनिवासी भारतीय. शिकायला गेलेला मुलगाही अनिवासीच धरला जातो; रिझर्व्ह बँकेने हे २००३ मध्येच स्पष्ट केलं आहे. ‘तो तर फक्त एमएस करायला गेलाय’ म्हणून वडील त्याच्या नावाने काटोलकडे दोन एकर शेती घेतात आणि व्यवहार पहिल्याच दिवशी नियमबाह्य ठरतो. ज्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं पण ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारत सरकार देतं ते) काढलं नाही, तो परदेशी नागरिक. परदेशात राहून त्याला इथे घर, दुकान, प्लॉट काहीही विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मिळू शकतं, पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने घेता येतं, एवढंच. आधी ओसीआय कार्ड, मग बयाणा. सूनबाई किंवा जावई परदेशी असतील, तर अनिवासी किंवा ओसीआय जोडीदारासोबत त्यांना एकच मिळकत संयुक्त नावाने घेता येते, तीही शेतजमीन सोडून, आणि लग्न नोंदलेलं व सलग किमान दोन वर्षं टिकलेलं असेल तरच.

अनिवासी आणि ओसीआय यांना निवासी वा व्यापारी मिळकत कितीही घेता येते. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळ्याची जमीन मात्र नाही. पैसे बँकेमार्फत किंवा एनआरई, एनआरओ, एफसीएनआर या अनिवासींच्या भारतातल्या बँक खात्यांतूनच द्यायचे. सुट्टीत आलेल्या लेकीने डॉलरच्या नोटा दिल्या आणि त्यातून बयाणा दिला, हे चालत नाही.

आता कागद. जमिनीपासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडे फसगत तिथेच जास्त होते. हिंगणा, उमरेड रोड, कळमेश्वर, वर्धा रोड या पट्ट्यात ‘फार्महाऊस प्लॉट’ म्हणून जे विकलं जातं, त्याचा सातबारा उघडा. त्यावर शेती असेल तर ती शेतीच. कंपाउंड, गेट, अंतर्गत रस्ता आणि आंब्याची चार झाडं यांनी ती बिगरशेती होत नाही. अनिवासी माणसाला ती फेमामुळे घेता येत नाही आणि इथेच राहणाऱ्या पण शेतकरी नसलेल्याला विदर्भाच्या १९५८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्यामुळे घेता येत नाही. ‘जमीन कंपनीच्या नावाने, तुम्हाला फक्त शेअर’ ही पळवाट आणखी धोक्याची, कारण कंपनीही शेतकरी नसते. शिवाय स्थावर मालमत्तेचा धंदा, शेती किंवा फार्महाऊस बांधणं हे काम असलेल्या कंपनीत अनिवासी माणसाने पैसे परदेशात परत न नेण्याच्या अटीवर घालायलाही मनाई आहे.

म्हणून प्लॉट घेताना बिगरशेती आदेश, मंजूर लेआउट नकाशा आणि नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) किंवा एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांचं आरएल, म्हणजे रिलीज लेटर, हे तिन्ही कागद पाहा. ‘आरएल प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर मिळालं तर पैसे थांबवा. गुंठेवारीत नियमित झालेला प्लॉट असेल, तर डिमांड नोट भरल्याची पावती पाहा आणि तिच्यावरचा खसरा क्रमांक विक्रीपत्रातल्या खसऱ्याशी जुळवून घ्या. एका आकड्याचा फरकही पुढे फेरफार अडवतो.

वडिलोपार्जित शेतीची गोष्ट वेगळी. ती वारसाने अनिवासी मुलाकडे कायदेशीरपणे येते आणि सातबाऱ्यावर त्याचं नाव चढतं. विदर्भातल्या घरांत परदेशस्थ माणसाकडे असलेला खरा ‘हिस्सा’ बहुधा हाच असतो. वाटणीच्या वेळी हक्कसोडपत्राची दिशा सांभाळा. परदेशातल्या भावाने नागपुरातल्या बहिणीच्या नावाने हक्क सोडला तर अडचण नाही. उलट, बहिणीने आपला शेतीतला हिस्सा त्याच्या नावाने सोडला, तर तेवढा भाग वारसाने आलेला उरत नाही. तो अनिवासी माणसाला दिलेल्या बक्षिसाच्या वळणावर जातो आणि शेतीचं तसं बक्षीस त्याला घेता येत नाही. फेमाखालचा दंड व्यवहाराच्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. दुय्यम निबंधकाने दस्त नोंदवला म्हणजे फेमाची मंजुरी मिळाली, असा अर्थ कधीही काढू नका. तो फेमा तपासायला बसलेला नसतो.

आता इमारतीतला हिस्सा. त्याचा पहिला प्रकार सहमालकीचा. दुकानात किंवा ऑफिसात नोंदणीकृत विक्रीपत्राने अविभक्त हिस्सा घेता येतो आणि अनिवासी माणसालाही तो चालतो. पण समजा, धरमपेठेतल्या एका दुकानाचे आठ मालक आहेत. तुमचा हिस्सा साडेबारा टक्के म्हणजे दुकानाचा अमुक कोपरा तुमचा, असं होत नाही. भाडेकरार बदलायचा, शटर दुरुस्त करायचं, विकायचं, सगळ्याला आठ सह्या लागतात. एकजण अडला की वाटणीचा दावा, आणि दुकानाची भिंत घालून वाटणी होत नाही, त्यामुळे शेवट लिलावात. बँका अशा हिश्श्यावर कर्ज द्यायला नाखूष असतात. घ्यायचाच असेल तर विक्रीपत्रासोबत सहमालकांचा करार करा. त्यात किती टक्के मालकांच्या संमतीने निर्णय होईल, बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा आधी कोणाला देऊ करायचा आणि किंमत कोण ठरवेल, या तीन बाबी तरी स्पष्ट हव्यात.

दुसरा प्रकार खासगी कंपनीचा. इमारत कंपनीची आणि तुमच्याकडे तिचे शेअर किंवा डिबेंचर, म्हणजे कर्जरोखे. इंडेक्स-२ वर, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या दस्ताच्या उताऱ्यावर, तुमचं नाव कुठेच नसतं. कंपनीने तीच इमारत तारण ठेवली तर तुम्हाला कळेलच असं नाही. म्हणून कंपनीच्या नोंदींत बोजा चढला आहे का, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहा. ठरावीक भाड्याची ‘गॅरंटी’ असेल तर विचारा, इमारत रिकामी पडली तर हे भाडं कुठून येणार? उत्तर ‘नव्या गुंतवणूकदारांकडून’ इकडे झुकलं की उठून या.

तिसरा प्रकार सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, नियमांखालचा. मार्च २०२४ मध्ये सेबीने लहान व मध्यम रीटची चौकट आणली. रीट म्हणजे अनेकांचे पैसे भाड्याच्या इमारतींत घालणारा ट्रस्ट, आणि त्यातला वाटा म्हणजे युनिट. एका योजनेची मालमत्ता ५० कोटी ते ५०० कोटी, किमान २०० युनिटधारक, युनिटची किंमत किमान १० लाख, ९५ टक्के पैसा बांधून झालेल्या आणि भाडं देणाऱ्या मालमत्तेत, आणि युनिट शेअर बाजारात नोंदलेलं. यातली पहिली योजना, बंगळुरूच्या इमारतीवरची प्रॉपशेअर प्लॅटिना, डिसेंबर २०२४ मध्ये बाजारात आली. अनिवासी माणसाला युनिट घेता येतात. दहा लाखांतलं अर्धं युनिट मात्र विकता येत नाही, खरेदीदार कमी असतात, आणि एकाच इमारतीचा मोठा भाडेकरू गेला की भाड्याचं वाटप लगेच घटतं. मोठ्या रीटचं युनिट काही शे रुपयांना मिळतं आणि त्यात इमारती अनेक असतात. केवळ भाड्याचं उत्पन्न हवं असेल तर मी आधी तिकडे पाहायला सांगेन. नागपुरातलं दुकान दाखवून कोणी ‘सेबीचं आहे’ म्हणालं तर सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक शोधा आणि त्याच योजनेचं ऑफर डॉक्युमेंट मागा.

विकताना खरी कसोटी लागते. विकणारा अनिवासी असेल तर खरेदीदाराने नेहमीचा १ टक्का कापून भागत नाही. दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलेल्या मिळकतीवर १२.५ टक्के अधिक उपकर, म्हणजे १३ टक्के कापावे लागतात, आणि रक्कम ५० लाखांवर गेली की अधिभारही. हे नफ्यावर नाही, पूर्ण विक्री किमतीवर. समजा, मनीषनगरातला ३० लाखांना घेतलेला फ्लॅट ४५ लाखांना विकला. कपात ५.८५ लाख, १५ लाखांच्या नफ्यावरचा खरा कर १.९५ लाख. उरलेले ३.९० लाख विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत अडकतात. उपाय आहे: बयाणापत्र होताच आयकर खात्याकडे कमी कपातीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करायचा. ते प्रमाणपत्र मागच्या देयकांना लागू होत नाही, म्हणून बयाणा लहान ठेवा आणि मोठी रक्कम ते हातात आल्यावरच घ्या. भाऊ नागपुरात आणि बहीण सिडनीत, असे दोघे विकत असतील तर दोघांच्या हिश्श्याची कपात वेगवेगळी करावी लागते. खरेदीदाराने चुकून सगळ्यावर १ टक्का कापला तर बाकीची रक्कम आणि व्याज त्याच्या माथी येतं. म्हणून विक्रीपत्रात प्रत्येकाचा निवासी दर्जा लिहून घ्या.

शेती विकताना एक फायदा आहे. नागपूरसारख्या दहा लाखांहून मोठ्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत ८ किलोमीटरच्या पलीकडची शेती भांडवली मालमत्ता धरली जात नाही, म्हणून तिच्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. पण वाडी, बुटीबोरी अशा नगरपरिषदांच्या हद्दीपासूनही, त्यांच्या लोकसंख्येनुसार, अंतर मोजावं लागतं. हे विसरलं की हिशोब चुकतो. विक्रीचे पैसे एनआरओ खात्यात येतात आणि तिथून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत, कर भरल्याच्या चार्टर्ड अकाउंटंटच्या प्रमाणपत्रासह, बाहेर नेता येतात.

हे व्यवहार आपल्या वतीने करायला इथल्या माणसाला द्यायचं मुखत्यारपत्र परदेशात करताना भारतीय वकिलातीत साक्षांकित करा, किंवा त्या देशात सोय असेल तर नोटरी आणि अपोस्टिल (परदेशात वापरायच्या कागदावरचा त्या देशाचा सरकारी दाखला) करून घ्या. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून मुद्रांकित करावं लागतं. कुरिअरचा लिफाफा आणि पावती जपून ठेवा, कारण पोचल्याची तारीख त्यावरूनच दाखवता येते. आणि ‘सर्व मिळकती’ असं मोघम न लिहिता खसरा, प्लॉट किंवा फ्लॅट क्रमांक, चतुःसीमा आणि विक्रीची रक्कम कोणत्या खात्यात जमा होईल, हे त्यात लिहा.