ज्यांना मी परत पाठवलं

आमच्या संगणकात नामंजूर झालेल्या प्रत्येक केसची नोंद असते. कोणत्या तारखेला नाकारली, कोणत्या कारणाने, सगळं. पण जो माणूस माझ्या टेबलापर्यंत यायचा, पिशवीतून रेशनकार्ड काढायचा आणि कार्डाचा रंग बघूनच मी ज्याला ‘नाही बसत’ म्हणून परत पाठवायचो, त्याची नोंद कुठेच झाली नाही. त्याची केस मुळात तयारच झालेली नसायची.

मी जळगावातल्या एका खासगी हॉस्पिटलात आरोग्यमित्र आहे, म्हणजे सरकारच्या मोफत उपचार योजनेच्या टेबलावर बसून रुग्णांचे कागद बघणारा. योजना आमच्या जिल्ह्यात २१ नोव्हेंबर २०१३ ला आली, तेव्हापासून याच टेबलावर आहे. (शेजारच्या धुळ्याला ती २ जुलै २०१२ लाच मिळाली होती, पहिल्या आठ जिल्ह्यांत.) तेव्हा नाव राजीव गांधी जीवनदायी होतं, २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. नाव बदललं, संगणकातली स्क्रीन बदलली, पण कार्डाच्या रंगाचा नियम तसाच राहिला. पिवळं बसायचं, केशरी बसायचं, पांढरं बसायचं नाही.

पांढरं कार्ड म्हणजे वर्षाला एक लाखाच्या वर उत्पन्न, म्हणजे सुखवस्तू माणूस, असं कागदावर. आमच्याकडे ते तसं नव्हतं. कितीतरी घरांत कार्ड बापाच्या काळात निघालेलं. तेव्हा चार भाऊ एकत्र, बागायत चार हेक्टरच्या वर, म्हणून पांढरं मिळालं. पुढे वाटण्या झाल्या, एकेकाच्या वाट्याला तीन-साडेतीन एकर आली, पण कार्डाचा रंग बदलायला तहसीलला कोण खेटे घालतो? धान्य तर तसंही मिळत नव्हतं. कार्ड ट्रंकेत पडून राहिलं आणि घरात हार्ट अटॅक आला त्या दिवशी बाहेर निघालं.

यातही एक गोष्ट मला कायम बोचायची. मराठवाड्यातले आठ आणि विदर्भातले सहा अशा चौदा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना पांढऱ्या कार्डावरही योजना लागू होती. सातबारा दाखवला की झालं. त्यात बुलढाणा होतं. म्हणजे मलकापूरचा शेतकरी बसायचा आणि त्याच हायवेवर अलीकडे असलेला मुक्ताईनगरचा शेतकरी बसायचा नाही. कपाशी दोघांची तीच, कर्जही तसंच. पण एक खान्देशात आणि दुसरा विदर्भात.

मग २८ जुलै २०२३ ला शासन निर्णय निघाला आणि १ जुलै २०२४ पासून तो प्रत्यक्षात आला. सगळी कार्डं, सगळी कुटुंबं. कुटुंबामागे वर्षाला मिळणाऱ्या उपचारांची मर्यादा दीड लाखाची पाच लाख झाली आणि १,३५६ उपचार. मला वाटलं होतं टेबलावर झुंबड उडेल. तसं झालं नाही. जे आले त्यांच्या तऱ्हा वेगळ्याच होत्या. काही जण कुणा पुढाऱ्याच्या माणसाचा फोन घेऊनच यायचे. आता वशिला लागतच नाही, हे त्यांना पटायचं नाही. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, फुकटातलं मला नको, गरिबाचं आहे ते. त्यांना सांगून थकलो की हे दान नाही, तुमच्याही करातून चाललंय. सातपुड्याच्या पायथ्याचा एक पावरा आदिवासी मजूर मात्र जे बोलला त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलाच्या पायाचं ड्रेसिंग करायला तो रोज यायचा. म्हणाला, “आता मोठे शेतकरी येतील. मग आमची खाट राहील का?” त्याचं चुकलेलं नव्हतं. माणसं वाढवली, खाटा तेवढ्याच. आणि पॅकेजचे दर कमी, पैसे उशिरा, अशी हॉस्पिटलांची तक्रार असली की ‘योजनेचा बेड नाही’ हे वाक्य कोणाच्या वाट्याला आधी येतं ते मी रोज बघतो.

तो दिवस रविवार होता, १ सप्टेंबर २०२४. दुसऱ्या दिवशी पोळा. गावोगावी त्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतात. सकाळी सातला १०८ आली. तापीपलीकडच्या केळीच्या पट्ट्यातले साठी ओलांडलेले गृहस्थ, रात्रीपासून छातीत दुखणं, तालुक्याला इंजेक्शन देऊन इकडे पाठवलेले. मुलगा कॅश काउंटरवर उभा. काउंटरवरच्या माणसाने त्याला आधी पन्नास हजार डिपॉझिट सांगितलं होतं. हे मी किती वेळा भांडून सांगितलंय, की रुग्ण आला की आधी माझ्याकडे पाठवा, पावती नंतर. योजनेत बसणाऱ्याकडून एक रुपया घ्यायचा नाही, हा नियम आहे. पण सवय जात नाही.

मी मुलाला बाजूला घेतलं. कार्ड कोणतं? म्हणाला, पांढरं. म्हटलं, आता चालतं. तो चुळबुळ करत राहिला. मग म्हणाला, “साहेब, मला माहितीये. पण बाबा नाही म्हणतात. गाडीतच सांगितलं, त्या टेबलाकडे जायचं नाही.”

मी कॅज्युअल्टीत गेलो. आप्पा ऑक्सिजनवर, घामाने बंडी भिजलेली. मी म्हणालो, आप्पा, आरोग्य विम्याची योजना आहे, एक पैसा लागणार नाही. विमा शब्द ऐकताच त्यांनी मास्क थोडा वर केला. “इमा? केयीना इमा पाही लिन्हा भो मी.”

केळीचा विमा. आमच्या भागात विमा म्हटलं की हाच अर्थ. हप्ता भरायचा, वादळ येतं, बाग आडवी होते, पंचनामा होतो, आणि मग कुणाच्या खात्यात येतात, कुणाच्या नाही, का ते कळत नाही. मुंबईत बसून आरोग्य विम्याची जाहिरात लिहिणाऱ्याला हे सुचणं शक्य नाही, की या पट्ट्यात विमा हा शब्दच माणसाला दूर लोटतो. मी तेव्हापासून तो शब्द वापरत नाही. ‘सरकार बिल भरतं’ एवढंच सांगतो.

तेवढ्यात खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माय, म्हणजे आप्पांच्या बायको, माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, “हाऊच शे तो.” हाच तो.

२०१९ चा उन्हाळा. मायचं बायपास होतं. आप्पा कार्ड घेऊन माझ्याच टेबलाशी आले होते. मी पांढरा रंग बघितला आणि कार्ड परत दिलं. मायना सगळं आठवत होतं. त्यांच्या पुढे मलकापूरकडचा एक जण होता, त्याचंही कार्ड पांढरंच, त्याचं काम झालं. आप्पांनी विचारलं होतं, त्याचं कसं झालं? मी म्हणालो होतो, त्यांचा जिल्हा वेगळा आहे. मग बैलजोडी विकली, उरलेलं सावकाराकडून काढलं.

मला तो मलकापूरचा माणूस आठवला. त्याची फाइल, सातबारा, अँजिओप्लास्टीची मंजुरी, डिस्चार्जचा फोटो, सगळं आठवलं. आप्पा आणि माय अजिबात आठवले नाहीत. कितीही ताण दिला तरी नाही.

माफी मागायला वेळ नव्हता. आमचे हृदयरोगतज्ज्ञ या बाबतीत सोन्यासारखा माणूस. ते म्हणाले, कागद तुम्ही बघा, मी पेशंट वर घेतो. तातडीच्या केसमध्ये फोनवरून मंजुरी घेता येते, कागदपत्रं मुदतीत आणून देण्याच्या अटीवर. मी फोन लावला. ईसीजीचा कागद सपाट धरून, सावली पडू न देता फोटो काढला. हे सांगतो कारण मंजुरी देणाऱ्यांकडून परत येणाऱ्या निम्म्या शंका, म्हणजे क्वेरी, ‘ईसीजी अस्पष्ट’ याच असतात. कागद चुरगळलेला, वर ट्यूबलाइटची चकाकी. तिकडे बसलेल्या डॉक्टरला रेषाच दिसत नाही, तो क्वेरी टाकतो आणि इकडे पेशंटचा जीव टांगणीला. मी नेहमी खिडकीशी नेऊन काढतो. वीस मिनिटांत मंजुरी आली.

दुपारपर्यंत नातेवाईक जमले. आप्पांचा मेहुणा माझ्यावर चालून आला, की योजनेचा स्टेंट, म्हणजे हृदयाच्या नळीत बसवायची जाळी, हलका असतो, आम्ही रोख भरतो, चांगला टाका. ही समजूत इतकी खोल आहे की शिकलेले लोकही बोलतात. मी त्याला वर नेऊन खोक्यावरचं स्टिकर दाखवलं. कंपनीचं नाव, बॅच नंबर, मुदत, व्यास ३ मिलिमीटर, लांबी २४ मिलिमीटर. हेच स्टिकर मला फाइलला लावावं लागतं, त्याशिवाय हॉस्पिटलला पैसे मिळत नाहीत. कपाट एकच आहे, रोखवाल्याचाही यातूनच निघतो. औषध लावलेल्या स्टेंटची किंमत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्येच २९,६०० रुपयांच्या आसपास बांधली, त्याआधी लाखाच्या वर घ्यायचे. मेहुण्याने स्टिकर दोनदा वाचलं आणि गप्प बसला.

खरी अडचण पुढेच होती. पांढऱ्या कार्डावर धान्य नाही, त्यामुळे बरीचशी कार्डं ऑनलाइन चढलेलीच नव्हती. ऑनलाइन नाही म्हणजे बारा अंकी क्रमांक नाही, आणि क्रमांकाशिवाय माझी स्क्रीन पुढे सरकत नाही. योजना सगळ्यांसाठी जाहीर करताना हे कुणी बघितलं असतं तर किती बरं झालं असतं. रविवार, मग पोळा. मुलगा सोमवारी तहसीलच्या दारात बसून आला, मंगळवारी दुपारी क्रमांक घेऊन आला.

तोवर अतिदक्षता विभागात ओळख पटवायला मी अंगठ्याचं मशीन घेऊन आप्पांकडे. उजवा अंगठा ठेवला, जुळला नाही. डावा, नाही. ओल्या फडक्याने पुसला, खोबरेल लावून पुसला. आयुष्यभर केळीचा घड कापलेले हात. चिकाचा काळा डाग कातड्यात मुरलेला, बोटांच्या रेषा घासून गुळगुळीत. दहाही बोटं झाली. मग सिस्टरला विचारून मास्क क्षणभर काढला आणि मोबाइलवर चेहऱ्याने प्रयत्न केला. त्यात डोळे मिचकवावे लागतात. आप्पा माझ्याकडे एकटक बघत राहिले. मी म्हणालो, आप्पा, डोळे मिटा, उघडा. तिसऱ्या वेळी जुळलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला खाटेजवळ बसवलं आणि विचारलं, “त्या सालना पैसा भेटतीन का?” मी सांगितलं, नाही आप्पा. १ जुलै २०२४ च्या आधीचं काही मिळत नाही. ते हो म्हणाले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मला अजून एकच गोष्ट सुटत नाही. नियम बदलला तेव्हा आम्हाला प्रशिक्षण मिळालं, पत्रकं मिळाली, दारात फलक लागला. पण ज्यांना आम्ही ‘नाही’ म्हणून घरी पाठवलं होतं, त्यांना आता हो आहे हे सांगायला कुणी गेलं नाही, कारण ते कोण हे कुणाकडेच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी मात्र मला लक्षात ठेवलं होतं. गावात जाऊन सांगितलं होतं की तिथे काही होत नाही. माझा एक नकार किती घरांत पोचला असेल?

डिस्चार्जच्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली आणि मायना विचारलं, तुमच्या गावात अजून कोण परत आलंय? त्यांनी बोटांवर मोजत पाच घरं सांगितली. एक जण माझ्याकडून, बाकीचे दुसऱ्या हॉस्पिटलांतून. मी आजार, गल्ली, मुलाचं नाव असं लिहून घेतलं. पहिल्या ओळीत त्यांचंच २०१९ चं लिहिलं.

पुढच्या आठवड्यात त्या पाचातला एक आला. किडनीचा त्रास, डायलिसिस सांगितलेलं. कार्ड पांढरं, बारा अंकी क्रमांक नाही. त्याला तहसीलला पाठवावंच लागलं. पण जाण्याआधी मी त्याचा फोन नंबर वहीत उतरवला, माझा त्याच्या कार्डाच्या मागे लिहून दिला, आणि दुसऱ्या दिवशी अकराला मीच फोन केला.