खड्डा खणला म्हणजे उतार पास झाला असं नाही

गुलमर्गला गोंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा तुम्हाला अफरवटच्या कड्याजवळ, साधारण ३,९५० मीटरवर सोडतो. स्की पेट्रोल, म्हणजे उतारांची सुरक्षा पाहणारं पथक, स्फोट करून जेवढा भाग मोकळा करतं तेवढा सोडला, तर बाकी सगळं बॅककंट्री, म्हणजे कुणी सुरक्षित न केलेला डोंगर. तिथे उतरण्याआधी हिमस्खलनाचा धोका जोखायला बर्फात खड्डा खणून चाचणी घ्यावीच. पण तिचं ‘नको’ मानायचं असतं, ‘चालेल’ नाही.

२०२४ चा हिवाळाच बघा. जानेवारी जवळपास कोरडा गेला. अशा दिवसांत जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास राहतो आणि वरचा रात्रीच्या थंडीत पार गारठतो. थर पातळ असेल तर वरच्या-खालच्या तापमानातला बदल तीव्र होतो. दर १० सेंटिमीटरला एक अंशाहून जास्त फरक पडला की आतली वाफ वर सरकते आणि कण कोनदार, सुटे होतात. काळ्या कार्डावर घेऊन भिंगातून पाहिले तर कडा चमकतात; मुठीत दाबले तर गोळा होत नाही, साखरेसारखे बोटांतून निसटतात. फेब्रुवारीत वर जोरदार बर्फ पडला आणि २२ तारखेच्या हिमस्खलनात एका रशियन स्कीअरचा जीव गेला.

खड्डा कुठे खणता यावर अर्धं उत्तर ठरतं. ज्या उतारावर जायचंय त्याच दिशेचा, त्याच उंचीवरचा, पण वर काही लटकत नसलेला छोटा उतार निवडा. वाऱ्याने खरवडलेली जागा नको, तिथला निकाल फसवा येतो. सव्वा-दीड मीटर खोल खणा, भिंत गुळगुळीत करा. मग मूठ, चार बोटं, एक बोट, पेन्सिल, सुरी यांतलं काय आत शिरतं ते थरागणिक तपासा. मऊ थरावर कडक थर दिसला की सावध.

आता ९० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर मागे असा बर्फाचा खांब गाठी मारलेल्या दोरीने चारी बाजूंनी सुटा करा. मागची चीर तिरकी गेली किंवा अर्धवट राहिली तर चाचणी वाया. एका टोकावर फावडं आडवं ठेवून मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १० थापा द्या. भेग ज्या थापेला पडली, त्याच किंवा पुढच्या थापेला खांबभर धावली तर उतार सोडा. थापा किती लागल्या हा दुय्यम मुद्दा. लोक उगाच आकड्यात अडकतात. भेग धावली नाही, तरी वीस मीटरवर थर वेगळा असू शकतो. आणि कमकुवत थर मीटरभराहून खोल असेल तर थापा तिथवर पोचतच नाहीत.

म्हणून खरा निर्णय कोनावर घ्यायचा. स्लॅब, म्हणजे कमकुवत थरावरचे बर्फाचे सलग पट्टे, बहुतेक ३० ते ४५ अंशांत सुटतात, सर्वाधिक ३८ च्या आसपास. कोन डोळ्यांनी नाही, क्लिनोमीटरने मोजा. पश्चिमेचा वारा कड्यावरून बर्फ उडवून गोंडोलाच्या बाजूला साठवतो, त्यामुळे बर्फवृष्टी थांबली तरी तिथलं ओझं वाढतंच. पायाखाली ‘धप्प’ आवाज येऊन बर्फ बसला किंवा स्कीच्या टोकापासून भेगा पळाल्या, तर खड्डा खणत बसू नका. ३० अंशांखाली राहा आणि वर तीव्र उतार असेल तर त्याच्या पायथ्याशीही थांबू नका.

ट्रान्सिव्हर (गाडलेल्याचा शोध लावणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाजवळ हवं. उतारावर एका वेळी एकच जण. बाकीच्यांनी बाजूच्या सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची. गाडला गेलेला १५ मिनिटांत बाहेर निघाला नाही तर वाचण्याची शक्यता झपाट्याने घसरते, आणि तेवढ्यात बाहेरची मदत पोचत नाही.