मादामना ‘तू’ म्हणताना

तूर (फ्रान्स), शनिवार, २ नोव्हेंबर २०२४

काल येथे तूसँची, म्हणजे सर्व संतांच्या सणाची सुट्टी होती आणि पुण्याला आमच्या घरी लक्ष्मीपूजन होते. गेल्या रविवारी युरोपातली घड्याळे तासभर मागे गेल्यामुळे पुणे आता साडेचार तास पुढे आहे, म्हणून आईने संध्याकाळी साडेसहाला पूजा दाखवण्यासाठी फोन लावला तेव्हा येथे दुपारचे दोन वाजले होते आणि मी ज्यांच्या घरी राहते त्या मादाम टेबलाशी बसून चीज कापत होत्या. आईने फोन चौरंगाकडे वळवला तशा त्या हातातली सुरी ठेवून पाहू लागल्या. लक्ष्मीला वाहिलेली पिवळी शेवंती दिसताच त्यांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या, आणि बुधवारचा माझा पराक्रम आठवून मला पुन्हा एकदा लाजेने मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बुधवारी वर्गावरून परतताना फुलवाल्यांकडेच नव्हे, तर सुपरमार्केटच्या दारातही शेवंतीच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या दिसल्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची मंडई आठवली आणि फारसा विचार न करता सर्वांत भरगच्च, पिवळीधमक कुंडी उचलून मी ‘दिवाळीची भेट’ म्हणून मादामच्या हाती दिली. त्यांनी ‘मेर्सी’ म्हटले खरे, पण कुंडी बैठकीत न ठेवता मागच्या पायरीवर नेऊन ठेवली. तिला ऊन मिळावे म्हणून असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी वर्गात शिक्षिकेने सांगितले, की फ्रान्समध्ये कुंडीतली शेवंती तूसँच्या सुमारास थडग्यांवर ठेवण्यासाठी घेतात आणि कोणाच्या घरी जाताना ती चुकूनही नेत नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर ही चाल देशभर पसरली, आणि त्यामागचे कारण अगदी साधे आहे: या थंडीत तग धरून फुलणारी झाडे फार थोडी आहेत. आमच्याकडे जे फूल वेणीत आणि देव्हाऱ्यात असते, ते मी नवरा गेलेल्या सत्तरीच्या बाईंना घरात आणून दिले होते. संध्याकाळी मी क्षमा मागू लागले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “कुंडी मला विकत घ्यायचीच होती. माझे पैसे वाचले. शुक्रवारी तूही चल.”

त्या ‘तू’ म्हणाल्या, आणि खरी अडचण तेथेच आहे. सप्टेंबरमध्ये बॅग घेऊन दारात उभी राहिले त्या संध्याकाळपासून त्या मला ‘त्यु’, म्हणजे फ्रेंचमधले ‘तू’, म्हणतात आणि मीही त्यांना तसेच म्हणावे, असे त्यांनी पहिल्याच जेवणात सांगितले होते. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना ‘वयाने मोठ्यांना वू’, म्हणजे ‘तुम्ही’, हा नियम घोटून पाठ केलेला होता. पण माझी जीभ अडते ती त्या नियमामुळे नाही. फ्रेंचांच्या ‘त्यु’चा उच्चार आपल्या ‘तू’च्या इतका जवळ आहे, की तो परक्या भाषेतला शब्द वाटतच नाही, आणि आईच्याही आईच्या वयाच्या बाईंना ‘तू’ म्हणायचे म्हटले की शब्द ओठांवरच थबकतो. म्हणून गेले दोन महिने मी दोन्ही सर्वनामे चुकवत आले आहे. ‘मीठ मिळेल का’, ‘ही खिडकी लावायची असेल ना’, अशी कर्ता नसलेली वाक्ये जुळवताना नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या जुन्या काळच्या सासुरवाशिणींची आठवण येते. त्यांचे कसब थोर होते, कारण त्यांना हे आयुष्यभर निभवावे लागले. कधी घाईत ‘वू’ निघून गेलेच, तर मादामच्या चेहऱ्यावर किंचित नाराजी उमटते. मी आदर दाखवत असते आणि त्यांना ते अंतर वाटते. “मी काही हॉटेल चालवत नाही,” असे त्या एकदा म्हणाल्यासुद्धा.

वास्तविक मृतांचा दिवस आज, २ तारखेला असतो, पण सुट्टी काल असल्यामुळे लोक कालच दफनभूमीत जातात. फोन झाल्यावर आम्ही निघालो. ट्राम पों विल्सनवरून ल्वार नदी ओलांडत असताना मादामनी सांगितले, की १९७८मध्ये या पुलाचा काही भाग नदीत कोसळला होता. त्यांच्या बोलण्यात अजूनही काल घडल्याचा सूर होता. दफनभूमी फुलांनी भरली होती आणि, माहीत नसते तर, मी तिला बाग म्हटले असते. मादामनी हातरुमालाने दगड पुसला, माझी कुंडी नावाच्या बाजूला ठेवली आणि पुटपुटत प्रार्थना म्हटली. मग माझ्याकडे वळून, जणू मी विचारलेच होते, त्या सांगू लागल्या. त्यांच्या लहानपणी ‘आमच्या बापा’ ही येशूने शिकवलेली प्रार्थना फ्रेंचमध्ये म्हणताना देवाला ‘वू’ म्हणत असत. १९६६मध्ये नवा पाठ आला आणि त्यात देव ‘त्यु’ झाला. त्या तेव्हा बारा वर्षांच्या होत्या आणि त्यांची आजी मात्र मरेपर्यंत ‘वू’च म्हणत राहिली. गंमत अशी, की मेरीमातेची प्रार्थना आजही ‘वू’नेच सुरू होते.

म्हणजे देवबाप ‘तू’ आणि देवाची आई ‘आपण’! मला हसू आवरेना. आमच्या घरी याच्या नेमके उलट आहे, हे मी त्यांना माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये समजावले: आईला ‘अगं’, बाबांना ‘अहो’. आजीलाही ‘तू’च, कारण जिच्या कुशीत झोपलो तिला ‘तुम्ही’ म्हणणे आम्हांला परकेपणाचे वाटते. आणि विठ्ठल तर पुरुष असूनही वारकऱ्यांची माउली आहे, म्हणून त्याला हक्काने ‘तू’. ‘माउली’ हा शब्द त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला. मग त्या म्हणाल्या, “म्हणजे तुमच्या हिशेबाने ज्याच्यावर जीव अधिक, त्याला त्यु.” इतके सोपे ते नाही, हे सांगण्यापुरते फ्रेंच माझ्याजवळ नव्हते. बाबांवर माझा जीव कमी आहे, असे थोडेच आहे?

परतताना रुळांपाशी त्या हातमोजे चढवत, खाली पाहतच, पाऊल पुढे टाकू लागल्या. येथील ट्रामला शहराच्या मध्यभागी वरच्या तारा नाहीत, आवाजही जवळपास नाही, आणि तिचा चंदेरी डबा वळणावर अगदी जवळ आला होता. “आताँ!” मी ओरडले. थांब! ‘थांबा’साठी ‘आताँदे’ म्हणायला हवे होते, हे डबा पुढ्यातून निघून गेल्यावर लक्षात आले. मादाम जागच्या जागी उभ्या होत्या. एक हातमोजा खाली पडला होता. “आँफँ,” त्या म्हणाल्या, म्हणजे एकदाचे!

रात्री आईने पाठवलेल्या चकल्या त्यांनी जेवणाआधी वाइनसोबत काचेच्या वाडग्यात काढून ठेवल्या. आईला हे कसे सांगावे, याचा विचार अजून चालू आहे.

आज पाडवा. सकाळी कॉफी घेताना माझ्या तोंडून पुन्हा ‘वू’ निघाले. मादामना जणू ते ऐकूच आले नाही. आणि मी वाक्य दुरुस्त करून म्हणेपर्यंत साखरेचे भांडे त्यांनी आपल्या हाताखालीच धरून ठेवले.