राउटर दारापाशीच का असावा?

मागच्या खोलीत वायफायवर व्हिडिओ कॉल सतत अडकायचा. नवा, महाग राउटर घ्या, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मी आधी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून स्पीड तपासला. तो पूर्ण मिळत होता, म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठीक होती आणि अडचण घरातच होती. पैसे खर्च करण्याआधी ही तपासणी प्रत्येकाने करावी, असं मला फार वाटतं.

मग सिग्नल मोजणारं ॲप घेऊन घरभर फिरले. आकडे डीबीएममध्ये (सिग्नलची शक्ती मोजण्याचं एकक), उणे असतात. शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. राउटरपाशी उणे 40, मागच्या खोलीतल्या टेबलावर उणे 80. आकडा 10 ने घसरला की सिग्नलची शक्ती दहावा हिस्सा उरते. म्हणजे टेबलापर्यंत पोचत होता तो दहा हजारावा भाग! मोबाइलवरच्या दांड्यांवरून हे कधीच कळलं नसतं.

एवढा सिग्नल जातो कुठे? कागदावर घराचा आराखडा काढला आणि राउटरपासून टेबलापर्यंत सरळ रेघ ओढली. त्या रेघेवर टीव्हीचं कपाट, फ्रिज, बाथरूमची भिंत आणि आरशाचं कपाट, सगळं ओळीनं आलं. धातू लहरी परतवतो, आणि आरशामागेही धातूचाच थर असतो. शिवाय रेघ भिंतीला तिरकी छेदत होती. तिरक्या वाटेवर भिंतीची जाडी वाढते, सहा इंची भिंत नऊ-दहा इंचांची होऊ शकते. राउटर दाराजवळ, खालच्या कप्प्यात होता, कारण इंटरनेटची फायबर केबल तिथून आत येते. बसवणाऱ्याची सोय झाली होती, वापरणाऱ्यांची नाही.

फायबरचा डबा मी जागेवरच ठेवला. त्यापासून भिंतीच्या कडेने लॅन केबल पॅसेजपर्यंत नेली. ही केबल 100 मीटरपर्यंत व्यवस्थित चालते, त्यामुळे स्पीड घटण्याची भीती नव्हती. (डबा आणि राउटर एकच असेल, तर त्याचं वायफाय बंद करून केबलच्या टोकाला दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय पसरवण्यासाठी, लावता येतो.) राउटर डोक्याच्या उंचीवर, उघड्या फळीवर ठेवला. अँटेना उभ्या ठेवल्या. उभी अँटेना आडव्या दिशेने लहरी पसरवते, वर-खाली फार कमी, आणि आमचं घर एकाच मजल्यावर आहे.

सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या रिपीटरचा विचार केला होता. पण साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे स्पीड साधारण निम्मा होतो. सिग्नल मरतो तिथेच तो लावला, तर मेलेला सिग्नलच पुढे जातो.

टेबलावरचा आकडा आता उणे 61 आहे आणि लॅपटॉप 5 गिगाहर्ट्झवर टिकून राहतो. वायफायच्या दोन बँडपैकी, म्हणजे लहरींच्या पट्ट्यांपैकी, हा वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमतो. 2.4 गिगाहर्ट्झ लांब जातो, मात्र त्यावर शेजाऱ्यांची गर्दी असते, आणि मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो. त्या पट्ट्याचे चॅनेल नावाचे भाग असतात, त्यातले एकमेकांवर न चढणारे 1, 6 आणि 11. आमच्याकडे 11 सर्वांत मोकळा दिसला, तोच ठेवला. बाल्कनीच्या टोकाला अजून उणे 75 येतात. तिथे फोन 2.4 वर जातो, गाणी ऐकायला तेवढं पुरतं.