झाकली मूठ

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे आईनं मला लहानपणापासून शिकवलं. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत ढोल-ताशा सुरू झाला की मी आतल्या खोलीत गाद्यांच्या ढिगामागं जाऊन बसायचे. आई शेजारणींना सांगायची, “अभ्यास करत्या ती.”

छत्तिसाव्या वर्षी एका खाजगी मानसोपचारतज्ज्ञांकडं ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान झालं. तोच कागद सगळीकडं चालेल असं वाटलं होतं, पण चालत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. तरी सवलतींसाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, लागतं आणि त्यासाठी सरकारी तपासणी.

स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरणं अवघड नव्हतं. फक्त आधारवरचं आणि निदानाच्या कागदावरचं नाव एकच आहे का, हे आधी बघा. माझ्या एका कागदावर सासरचं आडनाव होतं, दुसऱ्यावर माहेरचं. त्यात तीन आठवडे गेले.

तपासणीच्या दिवशी आईला बरोबर नेलं, कारण लहानपणाबद्दल घरच्यांना विचारतात. बाहेर गर्दी, पुकारा, पंख्याची घरघर. मी जिन्यात जाऊन बसले. तिथल्या एक मावशी म्हणाल्या, “बसा ताई, नंबर आला की सांगते.” त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तपासणी ‘इसा’ या मोजपट्टीवर होते. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि ७० पासून पुढं ऑटिझम धरतात. बरेच मुद्दे लहान मुलांकडं बघून केल्यासारखे वाटतात. समोरच्याच्या नजरेला नजर देता का, असं विचारलं. मी “हो” म्हणून मोकळी झाले. खरं तर मी माणसाच्या दोन भुवयांच्या मधे बघते, शाळेपासून. पण ते कुणाला सांगायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

आईचंही तेच. “तसं काय नाही ओ डॉक्टर. लई हुशार पोरगी. बी.कॉम.ला फर्स्ट क्लास आली.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “काकू, हुशारी मी मोजत नाही. ही कामावरून घरी आल्यावर काय होतं, ते सांगा.”

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. “मगाशी मी खोटं बोललो ओ,” ती म्हणाली. “आल्यावर दिवा लावू देत नाही. दोन-दोन तास तोंडातनं शब्द नाही. भाताला भाजीचा रस्सा लागला की ताटावरनं उठत्या. चार नोकऱ्या सुटल्या. लग्न मोडलं. मला वाटायचं, मीच वाढवायला कमी पडलो.”

ती हे सगळं मोजत होती, हे मला त्या खोलीत कळलं. मग मीही फाईलमधली दोन पानं बाहेर काढली. पंधरा दिवस लिहून ठेवलं होतं: कॅन्टीनचा मिक्सर सुरू झाला म्हणून बिलं टाकून बाहेर गेले, फोन नऊ वेळा वाजला, एकदाही उचलता आला नाही. तुम्ही जाणार असाल तर असं लिहून न्या, आणि पहिल्या प्रश्नालाच काढा. आपण कसं निभावतो ते तिथं सांगायचं नसतं. निभावताना काय काय मोडतं ते सांगायचं असतं.

दिव्यांगत्व ५० टक्के, कायमस्वरूपी. पिवळं कार्ड आलं. एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत मिळाली. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत दिव्यांगांना ७५,००० रुपयांची वजावट आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ते कलम ८० यू होतं आणि ऑटिझमसाठी त्याला १०-आयए हा फॉर्म लागायचा. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, तो अर्ज आता भरलाय. संजय गांधी निराधार योजनेत मी पगारामुळं बसले नाही.

एका कार्यालयात कार्ड उलटंसुलटं करून “तुमच्याकडं बघून तर काय वाटत नाही” असं ऐकवलं. घरी येऊन मी रडले. पण उद्यमनगरात आमच्या मालकांनी कार्ड बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी माझं टेबल मशीनपासून लांब, मागच्या खोलीत हलवलं.

यंदा विसर्जनाच्या मिरवणुकीला शेजारच्या काकूंनी विचारलं, पोरगी कुठाय? मी आतून ऐकत होते. आई म्हणाली, “आत आहे. तिला आवाज सोसत नाही. ऑटिझम आहे तिला.”