पान एकवरचा गाळलेला शब्द

२२ नोव्हेंबर २०१९, शुक्रवार. रात्रपाळीला पान एक माझ्याकडे होतं.

महिनाभर आमच्या डेस्कवर दुसरा विषय नव्हता. २४ ऑक्टोबरला निकाल लागला: भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. बहुमताला १४५ लागतात. युतीकडे १६१ होते, पण मुख्यमंत्रिपदावरून युतीच मोडली. मग राज्यपालांनी एकेका पक्षाला विचारायला सुरुवात केली. भाजपने १० नोव्हेंबरला नकार कळवला. ११ तारखेला शिवसेनेचे नेते राजभवनावर पोचले, पण दोन्ही काँग्रेसची पाठिंब्याची पत्रं काही आली नाहीत. वाढीव मुदत मागितली, तीही मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी राष्ट्रपती राजवट लागली.

त्या ११ तारखेच्या संध्याकाळी आमचा वार्ताहर दर दहा मिनिटांनी फोन करून सांगत होता, ‘मॅडम, पत्र नाही. अजून पत्र नाही.’ तोंडी पाठिंबा कितीही असला तरी राज्यपालांच्या टेबलावर सहीचा कागद नसेल तर तो धरत नाहीत, हे मी स्वतः त्या रात्री पान एकवर छापलं होतं. तरी अकरा दिवसांनी चुकले.

शुक्रवारी वरळीच्या नेहरू सेंटरमध्ये तिन्ही पक्षांची बैठक झाली. बाहेर आल्यावर शरद पवारांनी सांगितलं की नेतृत्वासाठी उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत झालंय. चर्चा उद्याही चालणार, हेही तिथेच सांगण्यात आलं. वार्ताहराच्या कॉपीत दोन्ही गोष्टी होत्या. मी मथळा दिला, ‘उद्धव ठाकरे यांच्या नावावर सहमती, चर्चा आजही’. आठ कॉलमांत एका ओळीत तो मावेना. पान लावणारा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, एवढी मोठी बातमी आणि टाइप बारीक करायचा?’ घड्याळात साडेबारा वाजून गेले होते, शहर आवृत्ती अडकली होती. मी ‘सहमती’ काढली. मग ‘चर्चा’ही काढली. उरलं ते असं: ‘उद्धव ठाकरे मुख्यमंत्री’. अक्षरं मोठी झाली, पान भरून आलं. मी प्रूफावर सही केली आणि पान सोडलं.

डोंबिवलीला पोचून झोपले तेव्हा तीन वाजले होते. सकाळी सासऱ्यांनी दार वाजवलं. ‘अगं, उठ जरा. हे बघ काय चाललंय.’ अप्पा हॉलमध्ये नेहमीसारखे खुर्चीत, मांडीवर आमचाच अंक उघडा. समोर टीव्हीवर राजभवन. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्रिपदाची शपथ घेऊन झाले होते, आता राष्ट्रवादीचे अजित पवार उपमुख्यमंत्रिपदाची घेत होते. अप्पा एकदा अंकाकडे बघत, एकदा टीव्हीकडे. चाळीस वर्षं हा माणूस पेपर वाचतो, मथळ्यावर विश्वास ठेवतो. काही बोलले नाहीत. चष्मा काढून अंकाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. ती घडी मला फार लागली.

रात्री आम्ही झोपेत असताना काय काय झालं ते दिवसभरात कळत गेलं. पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठवल्याची अधिसूचना निघाली होती आणि आठच्या सुमारास शपथविधी झाला होता. आधार होता अजित पवारांनी दिलेल्या पाठिंब्याच्या पत्राचा आणि त्यासोबतच्या राष्ट्रवादीच्या ५४ आमदारांच्या सह्यांचा. १०५ आणि ५४ म्हणजे १५९, गणित पुरतं जुळलेलं. राष्ट्रवादीचं म्हणणं, त्या सह्या या पाठिंब्यासाठी घेतलेल्याच नव्हत्या. खुद्द सुप्रीम कोर्टाने रविवारी सुनावणी घेतली. मला त्या प्रकरणातली ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते: सह्यांची यादी एकच, पण तिच्यावर कुठलं पत्र लावता त्यावर सरकार कुणाचं ते बदलतं. म्हणून अखेर सभागृहातच माणसं मोजावी लागतात. बोम्मई खटल्यात १९९४ साली कोर्टाने हेच सांगितलं होतं, आणि २६ नोव्हेंबरलाही तेच सांगितलं: दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत बहुमत सिद्ध करा, गुप्त मतदान नाही, थेट प्रक्षेपण करा. त्याच दुपारी आधी अजित पवारांनी आणि मग फडणवीसांनी राजीनामा दिला.

शनिवारी दुपारी मीटिंगमध्ये संपादकांनी अंक टेबलावर ठेवला. मी सांगितलं, कॉपी बरोबर होती, मथळा माझा. त्यांनी एवढंच विचारलं, ‘कोणता शब्द काढलास?’ त्या रात्री अनेकांचे अंदाज चुकले असतील, पण मला त्याचा आधार घेता येत नाही. ‘सहमती’ हा शब्द ठेवला असता तर आमचा अंक सकाळी आठनंतरही खरा ठरला असता. सहमती झालीच होती. मुख्यमंत्री मात्र कुणी झालेलं नव्हतं.

२६ च्या रात्री पुन्हा पान एक माझ्याकडेच आलं. ट्रायडंट हॉटेलमधल्या बैठकीत तिन्ही पक्षांनी उद्धव ठाकरे यांना महाराष्ट्र विकास आघाडीचा नेता निवडलं होतं. या वेळी १५४ तर नुसते तिन्ही पक्षांचे होते, वर अपक्ष आणि छोटे पक्ष. शंकेला जागा कुठेच दिसत नव्हती. मी मथळा दिला, ‘आघाडीच्या नेतेपदी उद्धव ठाकरे’. तोच मुलगा पान लावत होता. ओळ पुन्हा कॉलमाबाहेर जात होती.

‘मॅडम, “आघाडीच्या नेतेपदी” काढून “मुख्यमंत्री” टाकू? मस्त बसतंय.’

‘नको. शपथ कधी आहे?’

‘परवा. शिवाजी पार्कला.’

‘मग परवा टाकू. आत्ता टाइप बारीक कर.’